रिकामा हूक

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या आमच्या उपनगरात बघण्यासारखं म्हणजे जुनं चर्च, पाण्याची उंच टाकी, विटांच्या कामगार-घरांची एक ओळ आणि बंद पडलेल्या कारखान्याचं गेट. भारतातून पाहुणे आले की हे सगळं मीच दाखवायचं, असं घरात कधी ठरलं कोण जाणे. नऊ वर्षांत फेरी इतकी पाठ झाली होती की तोंड आपोआप चालायचं आणि मनात मी आठवड्याच्या भाज्या ठरवायचे. खरं सांगते, वीट आला होता.

गेल्या वर्षी बाबा आले. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लेथ चालवला. तो कारखाना एका दुपारी अचानक बंद झाला. आता तिथं टॉवर आहेत. त्या कारखान्याच्या गोष्टी लहानपणी जेवताना इतक्या ऐकल्या की पुढंपुढं मी ऐकणंच सोडून दिलं होतं.

चर्चसमोर त्यांनी हात जोडले, टाकीकडं मान वर करून बघितलं आणि कामगार-घरांपाशी गुडघे चोळत बाकावर बसले. मला आठवडाभराचा शीण होता, घरी जाऊन पडायचं होतं.

"चला बाबा, एकच राहिलंय," मी जरा तुसडेपणानंच म्हणाले.

गेटच्या चौकीत आता छोटं संग्रहालय आहे. भिंतीवर लाकडी फळा, त्यावर हुकांच्या रांगा, काही हुकांना नंबर कोरलेली पितळी टोकनं. मी नेहमीचं वाक्य टाकलं, "हे रिकामे हूक आहेत ना, ती माणसं सुटून घरी गेली."

"चुकीचं सांगतेस," बाबा म्हणाले. "आत जाताना टोकन काढून खिशात ठेवायचं, सुटलं की परत टांगायचं. रिकामा हूक म्हणजे माणूस अजून आत आहे."

मग त्यांनी पाकिटातून एक झिजलेलं टोकन काढलं. "टाळं लागलं त्या दिवशी आम्हाला मागच्या दारानं बाहेर काढलं. फळ्यापर्यंत जाऊच दिलं नाही." एवढं बोलून त्यांनी ते समोरच्या हुकाला टांगलं.

"अहो बाबा! हे डेंकमाल आहे, जपलेलं स्मारक, इथल्या वस्तूंना हात लावायचा नसतो!" मी काढायला हात पुढं केला.

"राहू दे ना गं."

बाबांनी माझ्याकडं असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. हात तिथंच थांबला. इतकी वर्षं हे त्यांच्या खिशात होतं आणि मला पत्ता नव्हता. फार लाज वाटली.

तेवढ्यात तिथली देखरेख करणारे आजोबा आले. ते याच कारखान्यातून निवृत्त झालेले. मी अडखळत सगळं सांगितलं. रिकाम्या हुकाचा अर्थ ऐकून ते बाबांकडं बघत "गेनाऊ, गेनाऊ" म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. मग त्यांनी पुढं होऊन टोकन सरळ केलं, नंबर नीट दिसेल असं, आणि खुर्चीवर जाऊन बसले.

दोन महिन्यांनी विमानतळावर मी विचारलं, "बाबा, ते टोकन मागून आणू का? पोस्टानं पाठवीन. तुमची एवढी जुनी वस्तू."

त्यांनी सवयीनं खिसा चाचपला.

"नको," ते म्हणाले. "आत्ता कुठं सुटलोय."