कशेळ्याच्या डोंगरात वायरलेस कुठवर पोचतो?

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझा शाळूसोबती वसंता कर्जतला डॉक्टर होता. त्याचं पत्र आलं: कशेळ्यापलीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात बाळंतीण अडली, तर निरोप यायलाच दिवस जातो, तुझ्या वायरलेसने काही होईल का? मी आठ वर्षं वायरलेस सेटच्या कारखान्यात काढून नुकताच इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवायला लागलो होतो. सेट टेबलावर तपासलेले, फळ्यावर शिकवलेले. डोंगरात त्याचं काय होतं, हे मलाही बघायचं होतं. रीतसर परवानगी काढून लॅबचे दोन सेट घेतले आणि पुण्याहून पॅसेंजरने निघालो.

जायचं तर डिसेंबरात जा. भातकापणी उरकलेली असते, वाटा कोरड्या असतात. कर्जत स्टेशनवर वडा खाऊन घ्यावा, कारण कशेळ्याला एसटीतून उतरल्यावर चहाखेरीज फारसं काही मिळत नाही. एक सेट कर्जतला वसंताकडे ठेवला होता, दुसरा खांद्याला लावून मी कशेळ्याच्या दवाखान्यातल्या नर्स शकुंतलाबाईंबरोबर चालू लागलो.

दवाखान्याच्या अंगणात नुसती खरखर. ओढ्यापाशीही तेच. दोन तास चढून ठाकरवाडीत पोचलो आणि अगदी वरच्या घराच्या ओट्यावर वसंताचा आवाज इतका स्वच्छ आला, की मी उत्तर द्यायचंच विसरलो.

आनंद फार टिकला नाही. भर पावसात सेट घेऊन इथवर येणार कोण, असं शकुंतलाबाईंनी विचारलं. घरमालकीण हिरूबाई हिरडे निवडत सगळं ऐकत होत्या.

“माज्याकडंच ठेवा की,” त्या म्हणाल्या. “पावसात आमी कुटं जातोय?”

याला शिकलेला ऑपरेटर लागतो, असं मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं. शकुंतलाबाईंनी सेट माझ्या हातातून घेऊन त्यांना दिला. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं, बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. दहा मिनिटांत हिरूबाई वसंताला वाडीत कोण आजारी आहे ते सांगत होत्या.

सेट परत नेणं भागच होतं. उतरताना पाय रेंगाळले. कायमच्या परवानगीसाठी वसंताने आणि मी दीड वर्ष कागद फिरवले. अखेर एक सेट हिरूबाईंच्या घरी गेला.

त्याच आषाढात वसंताचं दुसरं पत्र आलं. हिरूबाईंची शेजारीण अडली होती, बाळ आडवं होतं. आई आणि मुलगी दोघी वाचल्या. हिरूबाईंचा निरोप त्याने ऐकताऐकता उतरवून घेतला होता, तो खाली जोडला होता:

“वढा भरलाय. जीप तुमच्याच काठाला थांबवा. बाईला आमी झोळीतनं साकवावरनं आणतो. ओव्हर.”

कारखान्यात ऑपरेटरांनी निरोप कसा द्यावा, याची सूचनापत्रकं मी लिहीत असे. इतका नेमका निरोप मला कधी लिहिता आला नव्हता. तो मी पुढची वीस वर्षं वर्गात वाचून दाखवला.