माझा स्थिर तारा

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, कारण असा गाढवपणा फिजिक्सच्या मास्तराने केलेला तुम्ही ऐकला नसेल.

आमच्या भोरच्या कॉलेजात दुर्बिणीला लावायचा इन्फ्रारेड कॅमेरा आला आणि प्राचार्यांनी तो दिला शिंदे मॅडमना. मी सीनियर, पण कॅमेरा मॅडमना! जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू? शेवटी रडून-भांडून आठवड्यातून एक संध्याकाळ माझ्या वाट्याला आली. ज्याचं काम चांगलं, तो पुण्याच्या परिषदेत बोलणार असं ठरलं.

हा कॅमेरा ताऱ्यांच्या तेजाचे नुसते आकडे देतो आणि ते हवेप्रमाणे रोज बदलतात. म्हणून एक न बदलणारा तारा धरायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. तराजूत वजन ठेवतो ना, तसं.

मॅडम म्हणाल्या, "सर, माझाच तारा धरा की. खात्रीचा आहे."

मॅडमचा तारा मी धरू? मी माझा वेगळा निवडला. चांगला लालबुंद, ठसठशीत.

आंबवड्याच्या ज्या शेतकऱ्याच्या गच्चीवर आम्ही दुर्बीण लावायचो, ते आबा विचारायचे, "मास्तर, मॅडमपरीस तुमचा तारा मोटा हाय व्हय?" मी म्हणायचो, "लई मोठा."

हिवाळा सरता सरता मला दिसलं की मॅडमचा तारा मंद होतोय! आनंदाने मला जेवण जाईना. थेट प्राचार्यांसमोर जाहीर केलं, "मॅडमचा खात्रीचा तारा विझत चाललाय."

मॅडमनी विचारलं, "फक्त माझाच?"

"नाही, सगळेच. माझा तेवढा स्थिर आहे."

मॅडम चिडल्या की थेट त्यांच्या गावच्या, किकवीच्या बोलीत येतात. "म्हंजी समदं आभाळ इझाया लागलंय, आन् तुमचा एकटाच शाबूत? अवो सर, तुमचाच उजळत आसंल की!"

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मी खुर्चीत बसलो. माझ्या तराजूतलं वजनच फुगत होतं आणि मी सगळ्या बाजारावर माल घटल्याचा आरोप करत होतो.

पुण्याला मॅडमच बोलल्या, माझ्याच ताऱ्यावर. बदलणारा तारा म्हणून तो सगळ्यांना फार आवडला. वर माझे जाहीर आभार! एक वयस्कर प्राध्यापक मुद्दाम माझ्यापाशी आले. "कमाल आहे तुमच्या नजरेची! एवढ्या आभाळातून नेमका हाच कसा निवडलात?"

आता काय सांगणार होतो? मॅडमनी निवडला नव्हता म्हणून?