वादी, प्रतिवादी आणि कोंडाबाई

वकिलाच्या ऑफिसात फायलींना कपाट असतं, किश्श्यांना नसतं. ते माझ्या डोक्यात साठतात! श्रीगोंद्याला सरांकडे मी असिस्टंट आहे. टायपिंग, झेरॉक्स, पक्षकारांना फोन आणि चूक झाली की सरांची बोलणी खाणं, एवढं माझं काम.

परवा सुप्याला कंपनीत असलेल्या एकाला फोन केला, "आजींचा अंगठा राहिलाय अर्जावर. आजच पाठवा."

पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर अंगठा आला. पिवळा! मी चिडून फोन लावला, तर म्हणतो, "आजीनं सोताच्या बोटानं दाबलाय मॅडम, इचारा तिला!"

*

सोनईच्या एका काकांना वाटणीचा स्टॅम्पपेपर दिला. चौघा भावांच्या सह्या आणायच्या होत्या. काका आले ते कागद लॅमिनेशन करून!

"काका, सह्या?"

"त्या आता आतून कशा करायच्या, त्ये तुमी सांगा."

*

साक्षीदाराला सर नेहमी बजावतात, "विचारतील तेवढंच बोला." एकाने ते फारच मनावर घेतलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, "बांध कधी फुटला, सांगता येईल का?"

"येईल."

सगळे वाट बघतायत, हा गप्प.

"अहो, मग सांगा!"

"आत्ता इचारलं तुमी!"

*

आणि कोंडाबाई! आमच्या लाडक्या पक्षकार. दर तारखेला माझ्यासाठी शेंगा आणायच्या. त्यांच्या रानाची वाट धाकट्या बहिणीच्या, हिराबाईच्या रानातून जाते. दोघींचं बिनसलं आणि हिराबाईनं वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. ऊस तोडीला आलेला, ट्रॅक्टर आत जाईना, ऊस वाळायला लागला.

"उसाचं येवढं न्हाई गं पोरी," त्या म्हणायच्या, "पर काट्या हिरीनं टाकाव्या?" आणि डोळ्याला पदर लावायच्या. मलाच भरून यायचं.

वाट उघडून मिळावी म्हणून तातडीचा अर्ज करायचा होता. सर म्हणाले, "सारखं वादी-वादी नको. नाव टाक. कोर्टाला माणूस दिसला पाहिजे." वेळ नव्हता. मी कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे 'वादी' असेल तिथे 'कोंडाबाई' टाक. एका बटणात काम! सरांनीही घाईत न वाचताच सही ठोकली.

कोर्टात जजसाहेब अर्ज वाचता वाचता थांबले. "वकीलसाहेब, ही प्रतिकोंडाबाई कोण?"

झालं! एकूण एक प्रतिवादीची प्रतिकोंडाबाई झाली होती. कोर्टात खसखस पिकली. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की उद्यापासून आपण घरीच, हे मी समजून चुकले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हिराबाई उठली. "मीच की सायेब! जल्मभर हिचीच जुनी लुगडी नेसले, हिच्याच ताटात जेवले. दुसरी कोन असनार?"

कोंडाबाई आधी हसल्या, मग हमसून रडायला लागल्या. जजसाहेब म्हणाले, "बाहेर जाऊन बोलून या दोघी."

दुपारी तडजोडीचा कागद मीच टाईप केला. काट्या आजच काढायच्या, वाट कायमची मोकळी. या वेळी तीनदा वाचला, एकेक 'प्रतिवादी' बोट ठेवून तपासला. कोंडाबाईंनी अंगठा दिला. हिराबाईनं शाईत अंगठा बुडवला आणि मला विचारलं, "माझं नाव कंचं?"

मी दाखवलं, "हे बघा. प्रतिवादी हिराबाई."

तिनं अंगठा तसाच वर धरला.

"ह्ये न्हाई. त्ये सकाळचं घाला, मंग देते."