एका पत्त्याला एकच वस्तू

माझ्या आत्याचं घर तळमजल्यावर आहे, हा तिचा गुन्हा. दोन खोल्या, पुढे एक पायरी आणि पायरीला लागून रस्ता. टेम्पोचं मागचं फळकूट खाली टाकलं की सामान सरळ तिच्या बाहेरच्या खोलीत येतं. तिचे दोघे धाकटे भाऊ, म्हणजे माझे बाबा आणि काका, उंच इमारतींत राहतात. दोघांनाही दर थोड्या वर्षांनी घर नव्याने सजवायची हौस येते आणि जुन्या सामानाचं काय करायचं हा प्रश्न मात्र त्यांना कधीच पडत नाही.

आमच्याकडे नगरपालिकेचा नियम असा की महिन्यातून एकदा मोठ्या सामानाची गाडी येते आणि आधी नोंदवलेली एक वस्तू एका पत्त्यावरून फुकट नेते. दुसरीचे पैसे भरायचे, आणि ते जिवावर येतील इतके. रस्त्यावर टाकून पळ काढला, तर ज्याच्या दारासमोर वस्तू सापडेल त्याला दंड. मग आमच्या घरच्या हुशार माणसांनी तोड काढली. नवं सामान आलं की एक जुनी वस्तू आपल्या पत्त्याच्या नंबरावर द्यायची आणि बाकीच्या आत्याकडे.

"ताई, सोफा तसा चांगला आहे गं," बाबा म्हणायचे, "एकच स्प्रिंग गेलीय. तुला बसायला होईल."

आणि घरी येऊन जेवताना वर सांगायचे, की आज ताईला सोफा दिला. दिला! पैसे वाचवून आले होते आणि तोंडावर भाव मात्र उपकाराचा. काकाने बंद पडलेला दोन दारांचा फ्रिज असाच 'दिला'. आत्या त्यात दोऱ्याची रिळं ठेवायची. मग गाद्या आल्या. मग घरातल्या घरात पळण्याचं यंत्र आलं, ज्यावर काका आठवडाभर पळाला होता आणि नंतर त्यावर टॉवेल वाळत घालायचा. आत्याच्या बाहेरच्या खोलीत माणसाने आडवं होऊन चालायची वेळ आली.

तिच्या स्वतःच्या नंबरावर हे एकेक करून गेलं असतं असं कोणी म्हणेल. कसं जाणार? तो नंबरही हेच वापरायचे. आत्याच्या घरात शिरलेली वस्तू यांच्या हिशेबातून बाद झालेली असायची आणि यांच्या घरातून निघालेली नवी वस्तू नेहमी तातडीची असायची. "ताई, या महिन्यात तुझ्या पत्त्यावर आमचं कपाट लावलंय हं." विचारायची पद्धत नव्हतीच, कळवायची होती.

आजोबा आजारी पडले तेव्हाही त्यांना असंच टेम्पोतून पलंगासकट आणून तिच्याकडे सोडलं होतं. मला हे आठवलं की अजून डोक्यात तिडीक जाते. नर्सचे पैसे वाचले. आत्याने लग्न केलं नव्हतं, तेव्हा ती मोकळीच आहे, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. ती शेवटपर्यंत आजोबांचं सगळं करत राहिली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

ती कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर होती. वय झालं म्हणून त्यांनी तिला घरी बसवलं. हातातलं काम गेल्यावर ती फार खचली होती. आणि मग एका इस्पितळाचं काम चालून आलं. चादरी आणि उशांचे अभ्रे, दर महिन्याला, कायमचं. इस्पितळाचं भांडार सांभाळणाऱ्या बाईंची अट एकच. "जमिनीवर कापलेलं कापड मला चालणार नाही. लांब टेबल हवं. सोमवारी दुपारी येऊन जागा बघते, मगच काम."

टेबल सुताराकडे तयार होतं. ठेवायला जागा नव्हती.

आत्याने जन्मात पहिल्यांदा भावांना काही मागितलं. तुमचं सामान घेऊन जा. बाबा म्हणाले, "या महिन्यात खर्च आहे गं, हळूहळू जाईल की." काका हसला. "दिलेली वस्तू परत मागतं का कोणी?" आणि मग त्याच दमात म्हणाला, "बरं, सोमवारी तुझ्या पत्त्यावर आमचं वॉशिंग मशीन लावलंय. सकाळी घेऊन येतो."

आत्याने फोन ठेवला. मी तिथेच होते. तिने कारखान्यातली मोठी कात्री काढली आणि सोफ्यासमोर खाली बसली.

तिला शिवण उसवताना बघणं हा एक धडाच आहे. कात्रीचं टोक कुठे घालायचं ते बोटांना ठाऊक. सरसर टाके तुटत गेले, कापड निघालं, फोम निघाला. फोमच्या पट्ट्या कापून घरच्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरल्या. ते रोजच्या गाडीत जातं, फुकट. लाकूड आम्ही दोघींनी आळीपाळीने करवतीने कापलं. गाद्यांचंही तेच. "ही घ्या तुमची सजावट," असं ती मध्येच कोणाला तरी म्हणायची आणि पुन्हा कात्री चालवायची. पळायचं यंत्र भंगारवाल्याने आनंदाने उचललं. फ्रिजला मात्र त्याने हात लावला नाही, आतल्या गॅसमुळे त्याला परवानगी नव्हती. फ्रिज जाणार तर पालिकेच्याच गाडीने.

सोमवारी सकाळी आम्ही तो ढकलत ढकलत रस्त्यावर आणला. काका वॉशिंग मशीन घेऊन हजर. गाडीही आली.

"एका पत्त्याला एकच," गाडीवरचा मुकादम म्हणाला. "नोंद वॉशिंग मशीनची आहे."

"इथे राहतं कोण?" आत्याने विचारलं.

"तुम्हीच ना?"

"मग पत्ता माझा. फ्रिज न्यायचाय."

मुकादमाने खांदे उडवले आणि नोंद बदलली. काकाने आत्याचा दंड धरला. "ताई, रस्त्यात तमाशा नको. फ्रिज पुढच्या महिन्यात जाईल. नाहीतर मला आत्ता पैसे भरावे लागतील."

"भर," आत्या म्हणाली.

एवढंच. फ्रिज गाडीत चढेपर्यंत ती तिथून हलली नाही. काका मुकादमाला पैसे मोजत होता तेव्हा मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. जाताना तो पायरीही न चढता गेला.

दुपारी भांडाराच्या बाई आल्या तेव्हा टेबल खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बसलेलं होतं. काम मिळालं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मी सुट्टीच्या दिवशी तिला कापड अंथरायला मदत करते. बाबा आणि काका मात्र त्यानंतर एकदाही तिच्याकडे गेले नाहीत. मी बाबांना तोंडावर म्हटलं, टाकायला काही नाही म्हणून तुमचा पाय तिकडे वळत नाही. ते म्हणाले, "तिलाच आपण नको झालोय."

मागच्या आठवड्यात मी आत्यालाही सुनावलं. इतकी वर्षं सगळं का घेत राहिलीस? पहिल्याच सोफ्याला नाही का म्हणाली नाहीस?

तिने कात्री थांबवली नाही.

"सामान घेऊन आले की दोघं बसायचे गं तासभर," ती म्हणाली. "चहा प्यायचे, लहानपणच्या गोष्टी काढायचे. नुसते कशाला आले असते?"

म्हणजे हे तिला आधीपासून माहीत होतं. त्या सकाळी रस्त्यावर उभी राहून 'भर' म्हणाली, तेव्हाही माहीत होतं. तिने चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि ताणून धरायला सांगितलं.