दुधीचा पेपर

सुगंधा घाडीला लहानपणापासून एक वाईट खोड होती. कुणी काही ठासून सांगितलं की ती लगेच विचारायची, "कशावरून?" शेजारच्या जानकीमावशीने एकदा सांगितलं, रात्री नखं कापली की घरात भांडण होतं. पोरीने विचारलं, "कशावरून? तुम्ही कापून बघितलीत?" आता ह्याला काय उत्तर देणार? मावशी आठवडाभर बोलली नाही. आई शेवंती कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्या चेडवाक कोण पत्करतलो गो बाय!"

नवऱ्याने पत्करायच्या आधी तिला युनिव्हर्सिटीने पत्करलं. नर्सिंगची डिग्री, चार वर्षं. कांदिवली पूर्वेच्या त्या बैठ्या चाळीतून डिग्रीला गेलेली ती पहिलीच. चाळ सगळी कोकणातली, त्यातही बहुतेक गिरणीतून बाहेर पडलेले. संप फसल्यावर परळची खोली विकून सुगंधाचे बाबाही इथे आले होते. धोंडू घाडी म्हणजे गिरणीच्या साचेखात्यातला, मागांवरचा नावाजलेला माणूस. आता एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. साहेबाच्या गाडीला सलाम ठोकायचा आणि घरी येऊन गप्प बसायचं. पूर्वी ज्याच्या शब्दावर खातं हलायचं, त्याला आता कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा धड विचारत नव्हता.

अशा दिवसांत चाळीत डॉक्टर टिपणीस आले. अनंत टिपणीस, वय असेल पन्नाशीच्या आत, अंगाने काटकुळे, स्वभावाने लोणी. त्यांना संशोधन करायचं होतं. दुधी भोपळ्याचा रस रोज सकाळी प्यायला तर ब्लडप्रेशर उतरतं का, हे बघायचं होतं. त्यांना चाळीस प्रेशरवाले हवे होते. आमच्या चाळीत प्रेशरला काय तोटा! गिरणी बंद, पोरं बेकार, वर सुकट आणि खारवलेला बांगडा. हवे तेवढे मिळाले. डॉक्टरांनी सांगितलं, "महिनाभर गोळी बंद ठेवायची, फक्त रस घ्यायचा. मी स्वतः येऊन मोजत राहीन."

आणि खरंच यायचे हो बिचारे. जमिनीवर मांडी घालून बसायचे, बशीत ओतून चहा प्यायचे, प्रत्येकाला 'अहो घाडी', 'अहो दशरथराव' म्हणायचे. संपानंतर चाळीतल्या पुरुषांना 'अहो' म्हणणारा हा पहिला शिकलेला माणूस. गणपतीला सगळे गावी पळायच्या आत मोजणी संपली. पुढच्या वर्षी त्या संशोधनाचा पेपर इंग्रजीत छापून आला. डॉक्टरांनी प्रत्येकाला झेरॉक्स आणून दिली. प्रेशर खरोखरच उतरलं होतं! सर्वांत जास्त उतरलं होतं सात नंबरच्या माणसाचं, 'वय बावन्न, पूर्वी गिरणी कामगार'. सात नंबर म्हणजे धोंडू घाडी.

मग काय विचारता! बाबांनी झेरॉक्सला फ्रेम करून आणली आणि देवाच्या फोटोशेजारी लावली. पाहुणा आला की पाण्याच्या आधी फ्रेम. "ह्यो सात नंबर दिसता? तो मी." इंग्रजीतला एक शब्द त्यांना वाचता येत नव्हता, पण सात आकडा कुठल्या ओळीत आहे ते पाठ होतं. चाळीत पुन्हा धोंडूशेठ, धोंडूशेठ सुरू झालं. पेपर छापून आला त्या आठवड्यात बाबांनी गोळ्यांची बाटली शेवंतीच्या हातात दिली आणि म्हणाले, "टाकून दी. आता फकस्त दुधी." त्यांचं बघून सगळ्यांनीच गोळ्या टाकल्या. बाजारात दुधी मिळेना झाला.

सुगंधाच्या कॉलेजात चौथ्या वर्षाला उत्तरा मॅडमनी असाइनमेंट दिली: आरोग्यावरचा एक संशोधन-लेख घ्या, तपासा आणि वर्गापुढे मांडा. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तपासायचा म्हणजे आरती करायची नाही. प्रश्न विचारायचे. कुणाला घेतलं? कुणाशी तुलना केली? त्या काळात आणखी काय काय बदललं? आणि सांगितलं तेच त्यांनी खरोखर केलं का?" सुगंधा मनातल्या मनात नाचली. आयुष्यभर ज्या खोडीसाठी शिव्या खाल्ल्या, तिला इथे वीस मार्क होते.

घरी कळलं तेव्हा बाबांनी सरळ फ्रेमच उतरवली. "दुसरो कशाक? बापाचो पेपर घे! वर्गात सांग, सात नंबर म्हंजे माझो बापूस!"

तिने हौसेने घेतला. पहिल्यांदा वाचला तेव्हा ऊर भरून आला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसली आणि कपाळाला आठ्या पडल्या. रस न पिणारी माणसं कुठे आहेत? नुसते चाळीसच, सगळे रस पिणारे. मग तुलना कुणाशी? बरं, पहिली मोजणी कधी? ऑगस्टचा पहिला आठवडा. शेवटची? सप्टेंबरचा पहिला. तिने मागच्या वर्षीचं, त्याच्या मागच्या वर्षीचं असं करत खिळ्याला अडकवलेलं जुनं कॅलेंडर काढलं आणि पोट धरून हसायला लागली.

"काय झाला गो?" शेवंती घाबरली.

"आई, पहिली मोजणी गटारीच्या दुसऱ्या दिवशी आहे!"

आता ह्यात समजावण्यासारखं काय होतं? श्रावण लागायच्या आधी आमच्या चाळीत काय चालतं ते टिपणीसांच्या घरी कुठून माहीत असणार! कोंबडी-वडे, मटण, वर्षभराची तहान एका रात्रीत भागवणारे बहाद्दर, आणि पावसाळा म्हणून आधीचा महिनाभर जेवणात नुसती खारी सुकी मासळी. दुसऱ्या सकाळी डॉक्टर मशीन घेऊन हजर. पारा वर जाणार नाही तर काय होणार? मग आला श्रावण. सुकट बंद, बाटली बंद, सोमवार-शनिवार उपास. महिन्याने प्रेशर उतरलेलंच असणार. दुधी पिऊन उतरलं की श्रावण पाळून, हे सांगणार कोण? सुगंधा हे बाबांना सांगायला गेली आणि फसली.

"म्हंजे? तुझो बापूस बेवडो?"

"तसं नाही हो बाबा, मी पुराव्याबद्दल बोलतेय..."

"डॉक्टर खोटे, मी खोटो, आणि तू काल जन्माला आलेली शहाणी! कॉलेजात ह्याच शिकवतत? बापाची अब्रू काढूक?"

फ्रेम परत भिंतीवर गेली. सुगंधाला वाईट वाटलं, पण तिला वेगळीच धाकधूक लागली होती. तिने कॉलेजातून प्रेशरचं मशीन मागून आणलं आणि बाबांच्या पाया पडून, हात जोडून एकदाचं मोजलं. वरचं एकशे नव्वद, खालचं एकशे दहा. तिने परत मोजलं. तेच. वॉर्डात असे आकडे घेऊन आलेली माणसं तिने पाहिली होती. एक बाजू लुळी, तोंड वाकडं, बायको शेजारी लाळ पुसत बसलेली.

"बाबा, गोळी सुरू करा. आज, आत्ता."

"मशीन बिघाडला असतला," बाबा म्हणाले आणि शेवंतीने आणलेला हिरवा रस घटाघट प्याले.

तीन दिवस सुगंधा पेपर पालथा घालत होती. मॅडमचा शेवटचा प्रश्न राहिला होता: सांगितलं तेच त्यांनी केलं का? रविवारी दुपारी आई नळावर गेल्यावर ती बाबांच्या जवळ जाऊन बसली.

"बाबा, एकच विचारते, मग नाही विचारणार. त्या महिन्यात गोळी खरंच बंद होती?"

बाबांनी दाराकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग आवाज एकदम खाली आला. "कोणाक सांगा नको हां. मी गोळी घेत होतंय."

"काय?"

"हळू बोल गो! माका भ्या वाटला. माझो सख्खो भाव असोच गेलो ना गोळी सोडून. दुधीवर कोण जीव सोडतलो? रस पण पियालंय, गोळी पण घेतलंय."

"मग डॉक्टर विचारायचे तेव्हा?"

"तेव्हा 'व्हय व्हय, बंद' म्हणालंय. इतके मायेन येत, जमिनीर बसत. त्यांचा मन कसा मोडूचा?"

सुगंधाला हसावं की रडावं कळेना. "अहो पण बाबा! स्वतः गोळी खाल्लीत आणि मग तोच पेपर वाचून गोळी सोडलीत? वेड लागलंय का तुम्हाला?"

बाबा अगदी समजूतदार चेहरा करून म्हणाले, "तसा नाय. खोटो मी एकटो. बाकीचे एकोणचाळीस खरे आसत ना! छापून इला हा."

हे ऐकलं आणि सुगंधाच्या अंगात जुनी खोड संचारली. कशावरून? ती उठली, चपला पायात सरकवल्या आणि थेट दशरथकाकांकडे गेली. दशरथकाका म्हणजे बाबांचे गिरणीतले जोडीदार आणि पेपरमधले बारा नंबर. काकांनी आधी दार लोटलं, मग कानाशी येऊन कुजबुजले, "घेत होतो गं गोळी. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तुझ्या बाबाला सांगू नको हां, त्याचा एवढा मान झालाय." तिथून ती रतनमामांकडे. रतनमामांनी तर बायकोलाही कळू दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिने अर्धी चाळ पालथी घातली. सगळीकडे तेच: दार लोटायचं, आवाज उतरवायचा, आणि शेवटी, "मी एकटाच गं, बाकी सगळे खरे आहेत." भले शाब्बास! एवढी माणसं, प्रत्येकाचं एकच पाप आणि प्रत्येकाला वाटतंय बाकीची चाळ हरिश्चंद्राची.

आता प्रत्येकाला एकेकटं गाठून सांगून उपयोग नव्हता. तिच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? प्रत्येक जण म्हणणार, पोरगी बापाला गोळी घ्यायला लावायला रचून सांगतेय. चाळीस जणांनी एकमेकांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. आणि डॉक्टरांनीही. सुगंधाने डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगितलं की चाळीतले लोक पेपरबद्दल बोलायला जमणार आहेत. ते खूश झाले. पुढच्या रविवारी चाळीतल्या मंडळाच्या खोलीत सतरंजी पसरली. डॉक्टर आले, मांडी घालून बसले, चहा बशीत ओतला. सगळ्यांकडे बघून गोड हसले.

ती उभी राहिली. "मला कॉलेजात हा पेपर मांडायचा आहे. त्याआधी एकच विचारायचं आहे. त्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी गोळी चालू ठेवली होती, त्यांनी हात वर करा."

दशरथकाका छताकडे बघू लागले. रतनमामांना अचानक खोकला आला. डॉक्टर चहाची बशी हातात धरून तिच्याकडे बघत राहिले, त्यांना प्रश्नच समजला नव्हता. सुगंधाने बाबांकडे बघितलं नाही. बघवेना. हात वर केला तर सात नंबर गेला, मान गेला, चाळीत परत कोपऱ्यात बसायचं. नाही केला तर आज ना उद्या ती वॉर्डातली बायको म्हणजे तिची आई.

मग सतरंजीवर खसफस झाली आणि धोंडू घाडी उठून उभे राहिले. नुसता हात वर करून भागलं असतं, पण ते उभे राहिले.

"डॉक्टर, मी घेतलंय गोळी. रोज. तुमका खोटा सांगलंय. माझो आकडो पुसून टाका."

डॉक्टरांच्या हातातला चहा सांडला. आणि दशरथकाका फट्कन म्हणाले, "आयला धोंडू, तू पण?" त्यांचाही हात वर. मग रतनमामांचा. मग इकडून एक, तिकडून एक, आणि बघता बघता खोलीभर हातच हात. एकमेकांकडे बघून आधी सगळे हादरले, मग कुणीतरी हसलं, आणि मग जो हशा उसळला, तो बायका नळावरून धावत आल्या तरी थांबेना.

हसत नव्हते दोघेच. डॉक्टर टिपणीस पांढरेफटक पडले होते. कष्टाने केलेलं काम डोळ्यांदेखत बुडालं की माणसाला काय होत असेल, देव जाणे. पण माणूस अस्सल. हशा ओसरायच्या आतच त्यांनी विचारलं, "आणि आता? आता गोळी कोण घेतंय?"

एकही हात वर नाही.

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बॅगेतून मशीन काढलं आणि बाह्या वर करायला लावल्या. आकडे ओरडून सांगायची जबाबदारी सुगंधावर आली. एकशे ऐंशी. एकशे पंचाण्णव. दोनशे पाच! कुणी आता हसत नव्हतं. शेवंतीने पदराखालून गोळ्यांची बाटली काढली. टाकून दी म्हटलं म्हणून टाकायला ती काय वेडी होती? बाबांनी तिच्याकडे एकदा रागाने बघितलं आणि सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकून वर पाणी प्याले.

त्या हशात न हसणारी दुसरी सुगंधा. तिला आता खरंच रडू येत होतं. बाबांच्या शेजारी बसून ती हळूच म्हणाली, "बाबा, कॉलेजात मी तुमचं नाव नाही घेणार हां. एक रुग्ण, एवढंच म्हणेन."

"कशाक?" बाबा म्हणाले. "नाव घाल माझा. धोंडू सखाराम घाडी. सगळ्यांच्या आधी मी उठलंय, ह्या लिही."

तिने लिहिलं. मॅडमनी विचारलं, "हे कशावरून?" ती म्हणाली, "मी तिथे होते, मॅडम. ते माझे बाबा आहेत."