मला आठवणारा शेवट

आमच्या वाचक गटात पुस्तकाची प्रत एकच असते. शहापूरला एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही अधूनमधून रविवारी जमतो. कुणी मुरबाडहून येतं, कुणी किन्हवलीहून. प्रत्येकाने प्रत विकत घ्यायची असं ठरवलं असतं, तर त्या खोलीत मी आणि पंखा एवढेच उरलो असतो. म्हणून एकच प्रत हातोहात फिरते आणि सगळ्यांची वाचून झाली की चर्चा होते. ज्याने पुस्तक सुचवलं त्याने मात्र सगळ्यात शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे त्याचीच री ओढतात. हा नियम माझा. जन्मभर शाळेत शिकवलंय मी, मला री ओढणारे लांबूनच कळतात.

मागे मी माझ्या कपाटातली एक जुनी कादंबरी सुचवली. संसाराला विटलेली एक बाई घराला कुलूप लावते आणि एसटीत बसते. तरुणपणी वाचली होती. शेवटी ती परत येते तेव्हा मी ढसाढसा रडले होते, एवढं पक्कं आठवत होतं, म्हणून पुन्हा न चाळताच दिली.

प्रत आधी गेली माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे. किन्हवलीतलं नवऱ्याचं घर सोडून ती शहापुरात भाड्याच्या खोलीत राहते आणि ब्लाउज शिवते. नवरा पीत नाही, मारत नाही, फक्त तिच्याशी बोलत नाही, वर्षानुवर्षं नाही. तिला परत पाठवायचं ठरवायला दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसणार होती आणि तिचा सख्खा भाऊही त्यांच्याच बाजूचा होता. गटात हे एकट्या मला ठाऊक होतं.

चर्चेच्या दिवशी मला काही उमगेना. भातसानगरचे धरणावरून निवृत्त झालेले काका म्हणाले, "गेली ती बरं केलं. थांबून काय मिलनार होतं तिला?" मुंबईला नोकरीला जाणारी मुलगी म्हणाली, "एकदम टाइमवर निघाली. परत नाय आली ते मला जाम आवडलं."

परत नाही आली? मला वाटलं, सगळ्यांनी मिळून माझी फिरकी घेतली आहे. पण जो तो तेच बोलत होता. विद्यार्थिनी तेवढी मान खाली घालून ऐकत होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "शेवट विचार करायला लावणारा आहे." धडा न वाचलेली मुलं पेपरात हेच लिहायची.

घरी येऊन पाहिलं तर एसटी सुटते तिथेच पुस्तक संपत होतं. म्हणजे मी रडले ते कोणत्या पुस्तकात? डोकं फिरायची वेळ आली. शेवटी मुरबाडच्या वाचनालयात दुसरी प्रत मिळाली. तिच्यात पुढे एक अख्खं प्रकरण होतं आणि बाई परत येत होती. मग माझी प्रत उजेडात धरून पाहिली. शिवणीलगत पानं ब्लेडने इतकी सफाईने कापली होती की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

प्रत सगळ्यात आधी विद्यार्थिनीकडे गेली होती. मी तडक तिची खोली गाठली. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"मीच काढलीत, बाई."

"का गो?"

"बैठकीला बसनारी सगली मला वलखतात. मला न वलखनारी मानसं काय बोलतात ते आयकायचं होतं. ती परत आली असं वाचलं असतं, तर बोलली असती, बघा, आली ते बरं झालं."

मी भयंकर चिडले. पुस्तकाला ब्लेड लावायचं, अख्ख्या गटाला फसवायचं. काय काय बोलले तिला. तिने सगळं ऐकून घेतलं, मशीनच्या खणातून पानं काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "एक विचारू? पुस्तक देताना तुमी बोललात, ती परत आली तवा रडले. बरं वाटलं म्हनून रडलात का वाईट वाटलं म्हनून?"

बरं वाटलं म्हणून, असं मी लोकांना सांगत आले आहे. ते पुस्तक वाचलं त्याच सुमारास मीही माहेरून पिशवी उचलून सासरी परत आले होते. तेव्हा मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. तिच्यासमोर उभी राहून मी आठवायचा खूप प्रयत्न केला. खरंच कळेना.

"बैठकीला तुझ्या बाजूने कोण बसणार आहे?" मी विचारलं.

"कोन नाय."

"मी बसते," मी म्हटलं. तिथे काय बोलायचं ते मला अजूनही सुचलेलं नाही.