चाचींची खोळ

उघडी वस्तू दिसली की ज्यांचा जीव कासावीस होतो, असे गृहस्थ सबंध आर्णी तालुक्यात एकच, आमचे पत्रिकावाले चाचा. फ्रिज-मिक्सरला खोळ कोणीही घालतं. चाचांच्या दुकानात स्टेपलरलाही आहे. विजेच्या मीटरला तर झालरीचं झबलं, त्यामुळे रीडिंग घ्यायला आलेला माणूस आधी नाड्या सोडवत बसतो. एकदा माझी मोटरसायकल जरा वेळ दारात उभी राहिली, तेवढ्यात तिच्या सीटवर उशीचा अभ्रा चढला. "माती कोनाले सोडते बेटा?" एवढंच त्यांचं म्हणणं. चाचा लग्नपत्रिका छापायचे आणि शेजारी बसून चाची या खोळी शिवायच्या. दुकानात उघडं असायचं ते फक्त चाचींचं शिलाई मशीन, कारण ते कधी थांबायचंच नाही.

गेल्या पावसाळ्यात चाची गेल्या. दिवाळीत चाचांचा जुना कॉम्प्युटरही बंद पडला. पत्रिकांचा मजकूर मांडायचं त्यांचं सॉफ्टवेअर चाची असतानाच घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून मी त्या नव्याच्याच पोटात एक जुना कॉम्प्युटर वसवून दिला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. ठरल्या वेळात तो उठला नाही, की नवा कॉम्प्युटर त्याचा नाद सोडतो. हिवाळाभर तो बिचारा वेळेवर उठत होता.

मग ऐन लग्नसराईत चाचांचा फोन आला. "सकायी उठते, दुपारून उठतच नाई. संध्याकायी पोरीचा बाप पत्रिका न्याले येऊन राह्यला. मी त्याले जबान देली हाय."

मी यवतमाळहून धावलो. उठायची मुदत वाढवली, मेमरी वाढवली, अँटीव्हायरसला गप्प केलं. पडद्यावर निरोप तोच: वेळ संपली. कंटाळून कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबायला गेलो आणि बोटाला चटकाच बसला. डब्याला चाचींनी कापूस भरून शिवलेली खोळ होती. बटण दाबायला काज, मागे नाड्यांची घट्ट गाठ. उन्हाळ्यात आतला जीव उकडून निघत होता, आणि तापलेला कॉम्प्युटर रखडतच चालतो.

"चाचा, ही खोळ काढावी लागते."

"त्याले पंखा लाव ना."

"पंख्याचं वारं आत जाणार कुठून?"

चाचांनी गाठीवर बोट ठेवलं. "गाठ तिनं मारली हाय बेटा. मी अजून सोडली नाई."

पत्रिका यवतमाळात छापून आणतो म्हटलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग चष्मा लावून जमिनीवर बसले आणि नखांनी हळूहळू गाठ सोडवली. "आता याले माती लागन," असं पुटपुटलेही. डबा निवल्यावर आतला कॉम्प्युटर झटकन उठला; पडद्यावर गणपती आला, त्याखाली नवरीचं नाव आलं. संध्याकाळी पोरीचा बाप पत्रिका घेऊन गेला.

परवा पुन्हा दुकानात गेलो. कॉम्प्युटर उघडाच होता. त्याची खोळ चाचींच्या शिलाई मशीनवर घातलेली होती, एका बाजूनं तोकडी पडत होती. मी तिकडे बघतोय हे चाचांनी पाहिलं.

"लय बार बांधून पाह्यली," ते म्हणाले. "तिच्यासारखी गाठ बसत नाई."